उद्यमनगरातलं वर्कस्टेशन : एका मराठी चित्रपटाच्या पोस्ट-प्रॉडक्शनसाठी केलेली निवड

कोटेशन एका पानाचं होतं. १६ कोअरचा रायझन ९ प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, रंगीत दिव्यांचा लिक्विड कूलर, काचेची कॅबिनेट, ३२ इंची कर्व्ह्ड मॉनिटर आणि साधा यूपीएस. खाली बॉलपेनने लिहिलेलं : 'फुल एडिटिंग सेटअप'. दुकानदाराने काही फसवलं नव्हतं. एडिटिंग म्हटलं की त्याच्या डोळ्यांसमोर लग्नाच्या फिल्मा आणि यूट्यूब येतं, कारण त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक तेच असतं. इथे मात्र काम वेगळं होतं.

बहीण-भावाचं छोटं युनिट. ती एडिट आणि कलर करते, तो पैसे, करार, शूटिंगची जोडाजोड बघतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या दोन खोल्या. आजवर लग्नं, साखर कारखान्यांच्या माहितीफिल्म, निवडणुकीचे प्रचारपट अशी कामं केलेली. आता पहिल्यांदा पूर्ण लांबीचा चित्रपट हाती आला : अंदाजे ११० मिनिटं, एडिट, कन्फॉर्म (एडिट मूळ फाइलींशी जुळवणं), ग्रेडिंग (रंग आणि उजेड बसवणं) आणि शेवटी डीसीपी, म्हणजे थिएटरात चालणारी चित्रपटाची डिजिटल प्रत, सगळं यांच्याकडे. साउंड पुण्याला. ४० एक व्हीएफएक्स शॉट बाहेरचा मुलगा करून देणार. मशीन, मॉनिटर, यूपीएस, सॉफ्टवेअर, ड्राइव्ह आणि जीएसटी सगळं धरून बजेट साडेतीन लाख.

"दादा, ह्यात काय वर-खाली करायचं तेवढं सांग, उद्या ॲडव्हान्स द्यायचाय," एवढाच भावाचा मला प्रश्न. मी कोटेशन बाजूला ठेवून आधी फुटेज मागितलं. मशीन निवडायची तर सुरुवात कॅमेऱ्यातून काय येतंय इथून आणि शेवटी द्यायचं काय इथून करावी लागते. प्रोसेसर, कार्ड हे मधलं सगळं त्या दोन टोकांवरून ठरतं. कोटेशन नेमकं मधूनच सुरू झालं होतं.

फुटेज काय होतं

दोन सोनी कॅमेरे, एक एफएक्स३ आणि एक ए७एस३. रेकॉर्डिंग एक्सएव्हीसी एचएसमध्ये, म्हणजे एच.२६५, ४के, १० बिट, ४:२:२ (रंगाची माहिती किती ठेवली त्याचं माप; ४:२:० मध्ये ती कमी), सेकंदाला १०० मेगाबिट. एस-लॉग३ मध्ये, म्हणजे ग्रेडिंगला वाव ठेवणाऱ्या फिक्या चित्रात. साधारण ६० तासांचं मटेरिअल.

१०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. ६० तासांचे २.७ टीबी. हे आकडे काही मोठे नाहीत. साडेबारा मेगाबाइट साधी फिरती हार्ड डिस्कसुद्धा आरामात पुरवते. तरी बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, जुन्या मशीनवर टाइमलाइन अडखळत होती, आणि तिचा समज असा की एसएसडी घेतली की सुटेल. "शंभर एमबीपीएस म्हणजे लई काय न्हाई की दादा, मग अडकतंय का?"

अडकतं ते डिस्कपाशी नाही, फ्रेम उलगडताना. एच.२६५ फाइल लहान होते, कारण तिच्यात बहुतेक फ्रेम पूर्ण नसतातच. मागच्या-पुढच्या फ्रेमपेक्षा वेगळं काय तेवढंच लिहिलेलं असतं. एक फ्रेम दाखवायची तर आजूबाजूच्या फ्रेमही सोडवाव्या लागतात. सरळ प्ले करताना ते कसंबसं निभावतं. एडिटर मात्र सरळ कधी बघत नाही; ती मागे जाते, पुढे उडी मारते, दोन कॅमेरे एकत्र लावते. प्रत्येक उडीला तो हिशोब नव्याने.

हा हिशोब हार्डवेअरमधला खास डीकोडर झटक्यात करतो, पण त्याला तो प्रकार ओळखता आला तर. मुद्दा इथेच होता. ४:२:० चा एच.२६५ जवळजवळ प्रत्येक नवं कार्ड उलगडतं. ४:२:२ मात्र एनव्हिडियाच्या ४०-मालिकेपर्यंतची कार्डं हार्डवेअरमध्ये उलगडत नाहीत, आणि रायझनमधलं अंगचं ग्राफिक्सही नाही. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगच्या ग्राफिक्समधला डीकोडर, क्विक सिंक, मात्र ११व्या पिढीपासून ४:२:२ चा एच.२६५ घेतो. ॲपलच्या एम-मालिकेत तो आहे. आणि एनव्हिडियाने ५०-मालिकेत अखेर ही सोय दिली.

म्हणजे कोटेशनमधल्या मशीनवर १६ कोअर फक्त फ्रेम सोडवत बसले असते आणि शेजारचं कार्ड त्या बाबतीत रिकामं. पैसा होता, पण चुकीच्या जागी होता.

परीक्षा

मी तिला चार तुकडे काढायला सांगितले. पहिला, लावणीचा प्रसंग, दोन्ही कॅमेरे एकावर एक. दुसरा, गुऱ्हाळावरचा रात्रीचा प्रसंग, १२८०० आयएसओवर घेतलेला, चुलवाणाचा उजेड सोडला तर बाकी काळोख आणि त्यात भरपूर नॉइज, म्हणजे दाणेदारपणा. तिसरा, एका व्हीएफएक्स शॉटची ईएक्सआर सीक्वेन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल. चौथा, दोन मिनिटांचा पूर्ण ग्रेड केलेला भाग, रेंडरसाठी. हे चारही एका एसएसडीवर घेऊन ज्या ज्या मशीनचा विचार चाललाय तिथे जायचं, दुकानदाराला दुपारच्या निवांत वेळेला विनंती करायची आणि टास्क मॅनेजर उघडा ठेवून चालवून बघायचं. दुकानदार सहसा नाही म्हणत नाहीत. साडेतीन लाखांचं गिऱ्हाईक आहे.

चार तुकडे यासाठी की पहिले तीन वेगवेगळ्या ठिकाणी अडतात, आणि चौथ्यावरून रेंडरला एकूण वेळ किती लागतो ते कळतं. लावणीचा तुकडा डीकोडरवर अडतो : 'व्हिडिओ डीकोड'चा आलेख शून्यावर आणि सीपीयू छताला, असं दिसलं की समजायचं. तिच्या जुन्या मशीनवर नेमकं हेच दिसलं.

गुऱ्हाळाचा तुकडा कार्डाच्या मेमरीवर अडतो. दाविंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमधलं टेंपोरल नॉइज रिडक्शन एका फ्रेमसाठी शेजारच्या अनेक फ्रेम कार्डाच्या मेमरीत धरून ठेवतं. ४के टाइमलाइनवर त्याच्याबरोबर दोन-चार नोड (रंगदुरुस्तीचे टप्पे) आणि एखादा ब्लर आला की ८ जीबी भरतात आणि 'जीपीयू मेमरी फुल' असा संदेश येतो. तो आला की कार्ड कितीही वेगवान असो, उपयोग नाही. हा चित्रपट अर्धा रात्रीचा आहे. त्यामुळे कार्डाचा वेग दुय्यम आणि मेमरी आधी, हे इथेच ठरलं.

ईएक्सआरचा तुकडा डिस्कवर अडतो, आणि फक्त तोच. ३८४० गुणिले २१६० ची १६ बिट फ्रेम, बिनदाबाची, म्हणजे सुमारे ५० एमबी. २४ फ्रेमला सेकंदाला १.२ जीबी. फिरती डिस्क सेकंदाला दोन-अडीचशे एमबीला थकते, साटा एसएसडी साडेपाचशेला. तिथे एनव्हीएमई, म्हणजे बोर्डावर थेट बसणारी वेगवान एसएसडीच लागते. म्हणजे एसएसडी हवी हे तिचं म्हणणं बरोबर होतं, फक्त ज्या कारणासाठी ती म्हणत होती त्यासाठी नव्हे.

पर्याय

पहिला पर्याय निर्मात्याच्या ओळखीतून आला : मुंबईहून लीजवरून परत आलेलं, दोन झिऑनचं (इंटेलचे सर्व्हर-वर्कस्टेशनचे प्रोसेसर) जुनं वर्कस्टेशन. कंपनीचं नाव मोठं, पत्रा जाड, कोअर भरपूर, किंमत निम्मीसुद्धा नाही. अशा मशीनचा मोह होतो, मलाही होतो. पण त्या झिऑनमध्ये क्विक सिंक नाही, एकेका कोअरचा वेग आजच्या मधल्या दर्जाच्या प्रोसेसरपेक्षा कमी, आणि वीज खाणार ती वेगळीच. थ्रीडी रेंडरची रांग लावणाऱ्याला ते परवडेल. टाइमलाइनवर बसणाऱ्या एडिटरला नाही. यावर फार वेळ घालवला नाही.

दुसरा पर्याय मॅक, आणि तो गंभीर होता. डीकोडर आणि प्रोरेस (ॲपलचा एडिटिंगचा फाइल-प्रकार) दोन्ही चिपमध्येच, आवाज नाही, विजेचा भार इतका कमी की छोट्या यूपीएसवर निभावतं. नुसतं एडिटिंग असतं तर मी मॅक मिनी घ्या आणि विषय संपवा, असंच सांगितलं असतं. अडचण ग्रेडिंगची आणि खिशाची. मॅकमध्ये मेमरी घेताना जेवढी घ्याल तेवढीच, पुढे वाढवता येत नाही. सीपीयू आणि ग्राफिक्सला तीच वाटून. नॉइज रिडक्शनला पुरेल एवढी मेमरी असलेला मॅक स्टुडिओ घेतला की मॉनिटरला पैसे उरत नव्हते. भावाचा मुद्दा आणखी वेगळा : "उद्या त्यातलं एकच काहीतरी गेलं तर? सगळा डबाच पाठवायचा का मग?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ताईला मॅक हवा होता हेही सांगायला हवं. तिने चार दिवस अबोला धरला.

तिसरा, मूळ कोटेशनच दुरुस्त करणं. शेवटी तेच झालं, त्याच दुकानातून.

काय बदललं

प्रोसेसर रायझन ९ ऐवजी इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के. इथे एक अक्षर महाग पडतं. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला तोच प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात अंगचं ग्राफिक्स बंद असतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. गेमिंगवाल्यांना फरक पडत नाही, म्हणून दुकानात 'एफ'चाच साठा जास्त. बिलावर पूर्ण नाव लिहून घेतलं.

जाणकार इथे विचारतील : कार्ड ५०-मालिकेतलं घेतलं तर ४:२:२ ते कार्डच उलगडतं, मग रायझन का नको? तांत्रिकदृष्ट्या चाललं असतं. कारण कोल्हापूरचं आहे. कार्ड बिघडलं तर ते इथे दुरुस्त होत नाही. सर्व्हिस सेंटरला जातं आणि परत कधी येईल ते कोणी छातीठोक सांगत नाही. त्या काळात इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सवर मशीन सुरू राहतं आणि मूळ फाइलवर एडिटही चालतं. ग्रेडिंग थांबेल, एडिट थांबणार नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून तासाभरात दुसरं कार्ड आणणाऱ्याला हा विचार करावा लागत नाही.

कार्डासाठी उमेदवार दोन : १२ जीबीचं आरटीएक्स ५०७० आणि १६ जीबीचं ५०६० टीआय. पहिलं वेगवान, दुसऱ्यात मेमरी जास्त. दुसरं घेतलं. रेंडरला जास्त वेळ लागेल हे खरं, पण रेंडर रात्री लावून घरी जाता येतं. मेमरी भरली तर ग्रेड तिथेच अडतो आणि दिग्दर्शक मागच्या सोफ्यावर बसलेला असतो. यातही एक खोच : ५०६० टीआय याच नावाने ८ जीबीचं कार्डही येतं. खोक्यावर बघून घ्यायचं.

रॅम ६४ जीबी, पण ३२ च्या दोन पट्ट्या. दुकानदार १६ च्या चार लावत होता, चारही खाचे भरलेले छान दिसतात म्हणून. डीडीआर५ मध्ये चार पट्ट्या लावल्या की बहुतेक बोर्डांवर वेग खाली आणावा लागतो आणि पुढे वाढवायला जागा राहत नाही.

लिक्विड कूलर काढला. उद्यमनगरात शेजारी लेथ, ग्राइंडर, खाली फॅब्रिकेशन. हवेत लोखंडाची बारीक भुकटी असते, आणि ती वीज वाहते. काचेच्या कॅबिनेटऐवजी पुढून जाळी आणि धुण्याजोगे फिल्टर असलेली कॅबिनेट, मोठा एअर कूलर, आणि दर शनिवारी फिल्टर साफ. फिल्टर साफ करायचं काम भावाकडे आलं आणि ते तो खरंच करतो, याचं मला आश्चर्य आहे.

साठवण

याच्यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण इथे चुकलं तर चित्रपटच जातो.

हिशोब असा मांडला. मूळ फुटेज २.७ टीबी. १०८०पीचे प्रोरेस प्रॉक्सी (एडिटसाठी केलेल्या हलक्या प्रती) तासाला १६ जीबी, म्हणजे ६० तासांचे सुमारे १ टीबी. ४० व्हीएफएक्स शॉट सरासरी पाच सेकंदांचे धरले तर ४८०० फ्रेम, ५० एमबीने २४० जीबी. प्रोरेस ४२२ एचक्यूमधला यूएचडी (३८४० गुणिले २१६०) मास्टर तासाला ३१८ जीबी, ११० मिनिटांचा ५८० जीबीच्या आसपास. डीसीपीची चित्राची मर्यादा सेकंदाला २५० मेगाबिट, म्हणजे जास्तीत जास्त दोनशे जीबी आणि थोडं वर. यात रेंडर कॅश (आधीच तयार करून ठेवलेल्या फ्रेम) धरलेली नाही, आणि ती गरिबाच्या घरच्या पाहुण्यासारखी हळूहळू सगळी जागा व्यापते.

मूळ फाइल फिरत्या ८ टीबी डिस्कवर. त्यांना वेगाची गरज नाही हे वर आलंच. सिस्टिमला १ टीबी एनव्हीएमई, आणि प्रॉक्सी, ईएक्सआर, कॅश यांना वेगळी ४ टीबी एनव्हीएमई. स्वस्तातली ४ टीबी क्यूएलसी प्रकारची, म्हणजे एका पेशीत चार बिट कोंबणारी, निघाली. खोक्यावरचा वेग खरा असतो, पण आतला वेगवान कॅश भरेपर्यंतच. मोठी कॉपी अर्ध्यात आली की ती फिरत्या डिस्कच्याही खाली घसरू शकते. टीएलसीची, पेशीत तीन बिटची, घेतली.

उरल्या दोन ८ टीबी बाहेरच्या ड्राइव्ह, दोन्हीवर मूळ फुटेजची पूर्ण प्रत. एक ऑफिसात, एक दुसऱ्या जागी. निर्मात्याचं म्हणणं, माझ्या घरी ठेवा. त्यांचं घर शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत, तळमजला. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापुरांत तिथे पाणी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ असतात, आणि ते पाठ असलेल्या माणसाने फुटेज तळमजल्यावर ठेवायला सांगावं याची गंमत वाटली. प्रत कळंब्याला मामांकडे गेली, वरच्या कपाटात. प्रीमिअरची (एडिटचं सॉफ्टवेअर) आणि रिझॉल्व्हची प्रोजेक्ट फाइल आकाराने लहान, ती रोज संध्याकाळी क्लाउडवर.

वीज

महावितरणचा पुरवठा तसा बरा आहे. त्रास शेजारच्या मोटरींचा. खालचा कॉम्प्रेसर सुरू झाला की ट्यूब क्षणभर मंद होते. दुकानदाराने ६०० व्हीएचा साधा यूपीएस कोटेशनमध्ये घातला होता. तो या भाराला लहान, आणि त्यातून बॅटरीवर येणारी लहर खरी साइन नसते. आजकालच्या चांगल्या पॉवर सप्लायना ती नीट मानवत नाही आणि मशीन नेमकं लाइट गेल्यावरच बंद पडू शकतं. २ केव्हीएचा 'ऑनलाइन' प्रकारचा, सतत खरी साइन लहर देणारा यूपीएस घेतला. वायरमन बोलावून अर्थिंग तपासलं. इमारतीचं अर्थिंग नावापुरतं होतं, नवा खड्डा मारावा लागला. त्याचे पैसे घरमालकाने दिले, तेही भावाच्या जिभेमुळे.

मॉनिटर

कर्व्ह्ड मॉनिटरवर ताईचा जीव होता. ग्रेडिंगला तो चालत नाही : व्हीए पॅनेल, बाजूने बघितलं की काळोख वेगळा दिसतो, आणि हा चित्रपट काळोखाचा आहे. २७ इंची सपाट आयपीएस, कारखान्यातून कॅलिब्रेट होऊन आलेला घेतला, शिवाय कॅलिब्रेशनचा प्रोब. आणि डेकलिंकचं छोटं आउटपुट कार्ड, म्हणजे चित्र विंडोजच्या रंगव्यवस्थेतून न जाता सरळ रिझॉल्व्हमधून मॉनिटरला. हे कार्ड अनेक जण टाळतात आणि मग मोबाइलवर वेगळं का दिसतं म्हणून रात्रभर भांडतात.

खोलीत भिंतीला राखाडी रंग, खिडकीला काळा पडदा. मॉनिटरच्या मागचा दिवा ६५०० केल्विनचा. एवढ्यावर आटोपलं.

सॉफ्टवेअरमध्ये एकच मोठा खर्च : रिझॉल्व्ह स्टुडिओ, २९५ डॉलर, एकदाच. फुकटच्या आवृत्तीत टेंपोरल नॉइज रिडक्शन नाही, म्हणून प्रश्नच नव्हता. डीसीपीसाठी डीसीपी-ओ-मॅटिक, फुकट.

चालवून बघितल्यावर

पहिला तुकडा, लावणीचा, दोन्ही कॅमेऱ्यांसकट न अडता चालला. सीपीयू निवांत, डीकोडचा आलेख वर. ईएक्सआर एनव्हीएमईवरून सरळ. गुऱ्हाळाचा तुकडा नॉइज रिडक्शनसकट यूएचडीवर मेमरी न भरता चालला, पण पूर्ण वेगाने नाही. त्यासाठी ती दिग्दर्शकासमोर बसताना त्या शॉटची कॅश आधीच करून ठेवते. ५०७० असतं तरी बहुधा हेच करावं लागलं असतं.

खरी अडचण मशीनबाहेर निघाली. कॅमेऱ्यात '२४पी' म्हणून निवडलेलं प्रत्यक्षात सेकंदाला २३.९७६ फ्रेम होतं आणि डीसीपी २४ मागते. फरक हजारात एकाचा, पण ११० मिनिटांत साडेसहा सेकंदांहून जास्त. साउंड पुण्यात एका वेगावर आणि चित्र इथे दुसऱ्या वेगावर तयार झालं असतं तर शेवटच्या रिळात ओठ आणि शब्द जुळले नसते. पाच मिनिटांची चाचणी डीसीपी बनवताना हे लक्षात आलं, म्हणून पुण्याला फोन करून वेग आधीच ठरवून घेतला. एडिट आणि मिक्स २३.९७६ वर, डीसीपीच्या वेळी दोन्ही एकत्र २४ वर.

ती पाच मिनिटं एका सिंगल स्क्रीनमध्ये सकाळच्या पहिल्या खेळाआधी लावून बघितली. टेबलावरचा मॉनिटर रेक. ७०९ (टीव्हीचं रंगमाप) आणि १०० निट्स उजेडाचा. थिएटरचा पडदा पी३ (सिनेमाचं रंगमाप) आणि ४८ निट्सचा, तोही दिवा नवा असेल तर. चुलवाणाचा जाळ सुंदर उतरला, पण मागे रस ओतणारा माणूस काळोखात गडप. "दादा, ह्याला जरा वर काढतो मी," ती म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत त्या प्रसंगाच्या सावल्या उचलल्या. चित्रपट पूर्ण होईपर्यंत अशी आणखी एक चाचणी ठेवायचं ठरलंय, तेव्हा दुसऱ्या थिएटरमध्ये, कारण एकाच पडद्यावर विसंबून ग्रेड करायचा म्हणजे त्या पडद्याचा दोषही चित्रपटात उतरवायचा.

साडेतीन लाखांत बसलं का? यूपीएस आणि मॉनिटरने थोडं बाहेर काढलं. दुकानदाराने लिक्विड कूलर आणि काचेची कॅबिनेट कोटेशनमधून वगळल्यावर फरक बराच भरून निघाला. १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळावं म्हणून बिल युनिटच्या नावावर. दोन बाहेरच्या ड्राइव्ह मात्र मशीनच्या खर्चात धरल्याच नाहीत. फुटेज निर्मात्याचं, तर ड्राइव्हही निर्मात्याच्या. काम संपल्यावर दोन्ही त्यांच्या ताब्यात द्यायच्या, आणि त्यानंतर जपायची जबाबदारी त्यांची. भावाने हे कलम करारात घालून घेतलं आणि खाली वेगळी ओळ जोडली : ड्राइव्ह तळमजल्यावर ठेवू नयेत.